एक बी चपटी होती

नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, आणि देवापुढे हात जोडले तेव्हा देवालाही भलतंच सांगितलं. आज तुम्हाला सांगते आहे, ते तुमच्यावर फार विश्वास आहे म्हणून नव्हे. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — एवढंच सोयीचं आहे. मध्येच ‘बिचारी’ म्हणू नका, त्या शब्दाचा मला तिटकारा आहे. ‘वय लहान होतं’ असंही म्हणू नका. एकोणीस वर्षांची होते, आणि त्या काळात एकोणीस म्हणजे पुरती बाई.

सुरुवात कुठून करू? पाण्यापासूनच करावी लागेल.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली त्याच्या पुढच्या साली लग्न होऊन मी या गावात आले. दवनीवाड्यापासून दोन कोसांवर, सगळं धानाचं गाव. घरात माणसं तीन — माझा नवरा, मी आणि माझी मोठी जाऊ सायत्रा. थोरले दीर माझ्या लग्नाआधीच गेले होते, त्यांना मूलबाळ नव्हतं. गाव तिला ‘मोठी’ म्हणायचं, मी ‘बाई’ म्हणायचे. मी गोंदियात मामाकडे राहून सातवी पास झालेली, ती अंगठाबहाद्दर. तरी घरात शब्द तिचा चालायचा. कोठीची किल्ली तिच्या कमरेला, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कोणतं धान लावायचं ते ती ठरवणार, आणि माझा नवरा तिच्यापुढे मान खाली घालून उभा राहणार. मी तिला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होते. ती दुष्ट होती का? नव्हती. तिखट होती. दुष्ट असती तर मला आज बरं वाटलं असतं.

गावात प्यायच्या पाण्याची विहीर एकच, तीही गावाच्या दुसऱ्या टोकाला. कच्ची, दगडाचा एक थर नाही. उन्हाळ्यात तिचं पाणी नितळ असायचं, पण पावसाळा लागला की काठाची माती ढासळायची आणि पोहऱ्यात चहाच्या रंगाचं पाणी यायचं. ते पाणी आम्ही निवळीच्या बियांनी निवळायचो. निवळीचं झाड जंगलातलं. हिवाळ्यात त्याची काळी फळं पिकतात, गर पोरं खातात आणि आतली बी बाया धुऊन ठेवतात. गोल, फुगीर, चण्याहून जराशी मोठी. ती ओली करायची आणि मातीच्या माठाच्या आतल्या अंगाला घासायची — घासत राहायची, हाताला चिकट लागेपर्यंत. मग पाणी ओतायचं, एकदा ढवळायचं आणि माठाला हात लावायचा नाही. थोड्या वेळानं पाण्यात नासलेल्या दुधासारखे तुकडे दिसू लागतात. ते जड होत होत खाली बसतात. तासा-दोन तासांत वरचं पाणी असं होतं की माठाचा तळ दिसावा. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी हजार वेळा पाहिलं आहे.

सगळ्याच घरी निवळी असायची. पण सायत्राच्या हातचं पाणी निराळं होतं. लग्न असो, तेरवी असो, माठ घासायला तिला बोलावणं यायचं. आणि रोवण्याच्या दिवसांत तर विचारू नका. चिखलात कंबर मोडून धान रोवणाऱ्या बाया कुणाच्या बांधीत जायचं ते ठरवण्याआधी विचारायच्या — पाणी कोण पाजणार? मोठी पाजणार म्हटलं की आमच्याकडे टोळीच्या टोळी यायची, शेजारचे बांधीवाले हात चोळत बसायचे. आमचा रोवणा गावात आधी उरकायचा तो असा.

पहिल्या वर्षी तिनं मला माठ घासायला दिला. मी घासला, पाणीही निवळलं, पण पितळेच्या गुंडात, म्हणजे कळशीत, ओतताना माठाला धक्का लागला आणि सगळा गाळ पुन्हा वर आला. तसंच घेऊन गेले. बायांनी तोंडात घेतलेलं पाणी थुंकलं. सायत्रा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती. म्हणाली, “सातवी शिकली म्हनतात, अन् मटक्याले धक्का लावू नये येवढं समजत नाई.” वीस बाया चिखलात उभ्या राहून हसल्या. तेव्हापासून ‘सातवी’ हेच माझं नाव झालं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवर मी वर्षभर दात धरून बसले होते. तुमच्या घरात कुणी असं कधी बसलं नसेल म्हणता?

आता तिचा एक नियम सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. आमच्या घराच्या मागे बोडी होती, लहानसा तलावच. परसातून दहा पावलं. म्हशी तिथे, धुणी तिथे, अंघोळी तिथे. तिचं पाणी प्यायला कुणी घेत नसे, आणि सायत्रा तर ते घरातल्या माठाजवळही येऊ देत नसे. मी एकदा विचारलं, निवळीनं तेही निवळतंच ना? ती म्हणाली, “निवळी चिखल काढते, घान नाई काढत. पानी दिसते काचेसारखं, अन् मानूस फसते.” अंगठा उठवणारी बाई हे बोलली. मी ते ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या वर्षीचा रोवणा. आदल्या दिवशी पाऊस असा कोसळला की विहिरीकडच्या गल्लीत गुडघाभर चिखल झाला. नवरा बैल बघायला गोंदियाकडे गेला होता. सायत्रा दिवस उगवायच्या आधीच बांधीवर निघाली, बायांना पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, काढून द्यायचे होते. जाताना पदराच्या गाठीतून निवळीच्या तीन बिया काढून माझ्या हातावर ठेवल्या. “उशीर झाला तरी चालंल,” म्हणाली, “पन विहिरीचंच आन. धक्का नको लावू.”

ते शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर? नाही, हा विचार मी पन्नास वर्षं करून पाहिला. त्यातून काही निघत नाही.

मी विहिरीवर गेले नाही. मी बोडीवर गेले.

आळस, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. चिखल होता, दोन खेपा कराव्या लागल्या असत्या, पाठ दुखत होती. मग जरा धीर आल्यावर म्हणू लागले — राग. तिचा नियम मोडायचा होता, आणि मोडूनही काचेसारखं पाणी करून दाखवायचं होतं. हेही खरं. पण त्याच्याही खाली एक गोष्ट आहे. आदल्या दिवशी दुपारी मी परसात उभी होते. पलीकडच्या घरी कुठल्याशा जत्रेहून आलेला पाहुणा आजारी पडला होता, त्याला हगवण-ओकारी चालू होती, आणि त्या घरची सून भर पावसात त्याच्या गोधड्या बोडीत धूत होती. मी पाहिलं. पाहून नाक मुरडलं आणि आत गेले. सकाळी घागर बुडवली तेव्हा ते मला आठवत होतं का?

आठवत होतं. लगेच दुसरीकडून भरलं. चार हात सरकून — त्याच बोडीत.

मग माठ घासला. असा घासला की आयुष्यात तसा पुन्हा घासला नाही. तिन्ही बिया झिजवल्या. बोडीचं हिरवट पाणी हळूहळू निवळलं, तळ दिसला, आणि मी श्वास रोखून, धक्का न लावता, वरचं पाणी गुंडात काढून घेतलं. बांधीवर नेलं. बाया प्यायल्या. सुरजा नावाची एक होती, दोनच वर्षांपूर्वी लग्न होऊन गावात आलेली, सारखी हसणारी. ती म्हणाली, “आज तं सातवीनं मोठीले मागं टाकलं वो!” सायत्रानं गडवा, म्हणजे तांब्या, भरून पाणी घेतलं, उन्हात धरून पाहिलं आणि गटागटा प्यायली. मग माझ्याकडे बघून मान हलवली. शाबासकी होती ती, मला मिळालेली पहिली.

मी त्या दिवशी बांधीवर पाणी प्यायले नाही. घरी जाऊन आदल्या दिवशीच्या घागरीतलं प्यायले. म्हणजे मला माहीत होतं. यापुढे मी ‘नकळत’ हा शब्द वापरला तर माझ्या तोंडावर थुंका.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा बाया अंथरुणाला खिळल्या. हगवण, ओकारी, डोळे खोल गेलेले. सायत्राही आडवी झाली. नाल्याला पूर, गोंदियाला गाडी जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी सुरजा गेली. जाण्याआधी तिच्या हातापायांत गोळे आले, बोटं वाकडी झाली, अंग ताठ झालं. बाकीच्या हळूहळू उठल्या. पण त्या गोळ्यांनी घात केला.

सुरजाला पोचवून लोक आमच्या अंगणात आले. तिचा सासरा, गावचे चार म्हातारे, बऱ्याच बाया. सायत्रा ओसरीवर खाटेवर पडली होती, उठायचंही त्राण नव्हतं. पहिला प्रश्न तिनंच विचारला, पडल्या पडल्या — “लहाने, पानी कोठचं आनलीस?”

सगळे माझ्याकडे वळले. एवढी माणसं माझ्याकडे एकदम बघतात हे मी पहिल्यांदाच अनुभवत होते. मी म्हटलं, “विहिरीचं.” तिनं नुसतं पाहिलं. तिला कळलं होतं, मला खात्री आहे. ती दुसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात मी बोलले. कुणी मला काही विचारलं नव्हतं, तरी बोलले.

“बिया बाईनं देल्ल्या होत्या. एक बी चपटी होती.”

तुम्ही शहरातले असाल तर तुम्हाला यात काही वाटणार नाही. आमच्याकडे जंगलाकाठचं शेंबडं पोरही सांगेल की निवळीची बी गोल असते आणि तिच्या जातीतलं दुसरं झाड म्हणजे कुचला — त्याची बी चपटी, पैशासारखी, अंगावर रेशमी लव असलेली. ती विषारी. कुचला पोटात गेला की अंग ताठ होतं. मी कुचल्याचं नाव घेतलं नाही. मी शहाणी, सातवी पास! नाव गावानं घेतलं. मी फक्त एक बी चपटी केली.

कुचल्यानं हगवण लागत नाही, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुचला घासताना ओळखू येतो हेही ठाऊक होतं. आणि ज्या बाईनं विष कालवलं ती स्वतः गडवाभर पिऊन खाटेवर कशी पडेल? कुणी विचारलं नाही. एक म्हातारी म्हणाली, “थोडंसं पेली असंल, देखाव्याले.” विधवा, निपुत्रिक, हाताला गुण असलेली — अशा बाईबद्दल गावाला कारण लागत नाही, निमित्त लागतं. ते मी दिलं. आणि मला विचाराल तर तेही साव नव्हते. दरवर्षी तिच्या हातचं पाणी पिऊन माना डोलावणारी हीच माणसं. मी त्यांना कधी माफ केलं नाही. गंमत बघा — मी, आणि माफ केलं नाही!

सायत्रा कशीबशी उठून बसली. म्हणाली, “हे खोटं बोलून राहिली. बिया गोल होत्या. विहिरीवर हिले कोनं पाह्यलं, विचारा.” कुणी विचारलं नाही. मी पदर तोंडावर धरून रडू लागले. रडणं खोटं नव्हतं, पण ते माझ्यासाठी होतं. सुरजाचा सासरा उठला आणि निघून गेला, त्याच्यामागून बाकीचे. जाताना एकीनं आमच्या दारातल्या माठाला वळसा घातला, अंगाला लागू नये म्हणून.

त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणी कुणी प्यायलं नाही. रोवणा अर्धा राहिला, पण तो सायत्रा बांधीवर येणार नाही या बोलीवर पुन्हा सुरू झाला. लग्नाघरची बोलावणी थांबली. ती विहिरीवर गेली की बाया मागे सरायच्या आणि तिची घागर भरून होईपर्यंत लांब उभ्या राहायच्या. नवरा आल्यावर त्यानं मला एकदाच विचारलं, “त्या दिवशी विहिरीवर तुले कोनीच पाह्यलं नाई म्हनतात?” मी म्हटलं, पाऊस होता. त्यानंतर त्यानं जी मिठाची गुळणी धरली ती मरेपर्यंत सोडली नाही. अर्धी बांधी थोरल्या भावाची, म्हणजे सायत्राची होती, हेही सांगून टाकते. ती गेली की सगळं आमचं होणार, हे त्याला कळत होतं आणि मलाही.

दिवाळीआधी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. बिरसीला, विमानांच्या धावपट्टीकडच्या अंगाला त्याचं घर होतं. तिनं किल्ली काढून उंबऱ्यावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. पुढे पाचेक वर्षांनी ती तिथेच वारली. गेले होते मी. तिच्या भावजयीनं सांगितलं की ती आल्याबरोबर तिच्या मागून बोलणंही आलं होतं. त्यांनी तिला वेगळा माठ दिला होता, गोठ्याच्या भिंतीशी. त्या माठात ती एकटीसाठी निवळी घासायची आणि एकटीच प्यायची. भावजय हे बोलली ते सहज, भाजीचा भाव सांगावा तसं.

आता तुम्हाला वाटेल, झालं, बाईनं ओकून टाकलं. नाही झालं. अंगणातलं ते वाक्य मी घाबरून बोलले, असं म्हणायला जागा तरी आहे. माणूस बुडताना दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देतं. जे सांगायला बसले ते वेगळं आहे, आणि त्यात भीतीबीती काही नव्हती.

ती बिरसीला गेल्यावर तीन वर्षांनी माझ्या मुलाचं जावळ होतं. आम्ही तिला बोलावलं नव्हतं. ती आली, सकाळी निघून पायी, दुपारी पोचली. पोरासाठी अंगडं शिवून आणलं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं, मी स्वयंपाकघरात. ओसरीवर गोंदियाहून आलेले माझे मामा बसले होते, उन्हातून आलेले, त्यांनी पाणी मागितलं. मी हातातलं काम टाकून उठेपर्यंत सायत्रा उठली. तिला काही विचार करावा लागला नसेल — ज्या घरात पंधरा वर्षं तिनंच पाणी दिलं, त्या घरात कुणी पाणी मागितलं आणि ती उठली, इतकंच. माझ्याच माठातून तिनं गडवा बुडवला आणि मामांपुढे धरला.

मामांनी हात पुढे केला. मग कुणीतरी खाकरलं. मामांचा हात तिथेच थांबला आणि हळूच मागे गेला. ती गडवा धरून उभी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा एकदा, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला काय करायचं होतं, सांगा? खरं बोलायचं नव्हतं. कबुली द्यायची नव्हती. बोडी, गोधड्या, काही काढायचं नव्हतं. फक्त तो गडवा घेऊन चार घोट प्यायचे होते. घरची मालकीण प्यायली, मग मामा प्यायले असते, मग गाव प्यायलं असतं. कदाचित बिरसीतही कळलं असतं. चार घोट पाणी, आणि मला तहानही लागली होती.

मला कुणी धमकावलेलं नव्हतं. मुलगा झाला होता, बांधी आमची झाली होती, किल्ली माझ्या कमरेला होती. मला भ्यायचं काहीच कारण नव्हतं. मग? मग इतकंच की ती त्या गडव्यासह उभी राहिली, आणि तिचा हात थरथरत नव्हता, आणि मला त्याचा राग आला. तीन वर्षं झाली तरी हिचा हात थरथरत नाही! बास, एवढंच कारण. दुसरं शोधलं, मिळालं नाही.

मी पुढे झाले, तिच्या हातातून गडवा घेतला, ओसरीच्या कडेला गेले आणि सगळ्यांच्या देखत पाणी बाहेर ओतलं. मग गडवा राखेनं घासला. घाई केली नाही. दोनदा घासला.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “लहाने, तुयंच पानी होतं ते.”

मी दुसऱ्या गडव्यात पाणी काढून मामांना दिलं. ते प्यायले. सायत्रानं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, अंगडं खाटेवर ठेवलं आणि अंगणातून बाहेर पडली. डोक्यावर ऊन होतं, सकाळपासून ती चालत आली होती आणि आमच्या घरात तिच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. मी दारातून पाहिलं. थांब म्हटलं नाही. पंगत बसली होती, मी वाढायला आत गेले.